झाकणमामांची सिगारपेटी

पडदा वर जातो. समोर नाट्यगृहाच्या मागची प्रॉपर्टीची खोली. खिडकी एकच, आणि तीही अर्धीच, कारण उरलेल्या अर्ध्या भागापुढे जुन्या नाटकांचे कंदील आणि एक लाकडी घोडा उभा आहे. भिंतीवर दोन टेलिफोन टांगलेले. दोन्हींच्या वायरी कुठेच जात नाहीत. फळीवर मेणाची फळं, फळीखाली तलवारी, तलवारींच्या कुशीत बाळाचा पाळणा. मधोमध टेबल. टेबलावर निळ्या मखमलीचं अस्तर लावलेलं एक भलंमोठं खोकं उघडं पडलंय आणि त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून, चष्मा कपाळावर चढवून एक सडपातळ म्हातारा उभा आहे. त्याचे कान लाल झालेत. या माणसाचे कान लाल झाले की आम्ही नटमंडळी पाय न वाजवता बाहेर सटकायचो. त्या दिवशी मी सटकले नाही, कारण मीच त्याला ते खोकं आणून दिलं होतं.

"सात वस्तू!" तो कडाडला. "मोज. मोज म्हणतो ना! सात वस्तू, आणि सिगार एकही नाही!"

हे आमचे झाकणमामा. आमच्या नाटक कंपनीची प्रॉपर्टी सांभाळायचे. राजाचा मुकुट, भिकाऱ्याचा वाडगा, खुनाची सुरी, लग्नाची अंगठी, सगळं यांच्या हातून आमच्या हातात यायचं. त्यांचं खरं नाव कंपनीत फार तर तिघांना ठाऊक असेल. बाकी सगळे झाकणमामा म्हणायचे, कारण ते दिवसभर तेच ओरडायचे. "झाकण! अरे, झाकण कोण लावणार, तुझा काका?" डिंकाची बाटली असो, पावडरचा डबा असो की रंगाची डबी, उघडी दिसली की हा माणूस पेटलाच. पण त्या ओरडण्याचं मूळ होतं एका पेटीत. ती त्यांची सिगारपेटी. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी नाटकाबद्दल सांगायला हवं.

आमच्या एका कौटुंबिक नाटकात मी घरधनिणीचं काम करायची. जन्मभर नवऱ्याच्या धाकात वावरलेली बाई. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगा सांगतो, मी दुकान चालवणार नाही, मी घर सोडतोय. नवरा फक्त हात पुढे करतो. म्हणजे, सिगार दे. मग मी पेटी उघडायची. एक सिगार निवडायचा. त्याचं टोक कापायचं. काडी ओढायची आणि थांबायचं. कारण काडीच्या डोक्यावरचं गंधक जळून जाईपर्यंत ज्योत सिगारजवळ न्यायची नसते, नाहीतर पहिला झुरका औषधासारखा लागतो. ज्योत पिवळी, शांत झाली की सिगारचं दुसरं टोक तिच्यावर गोल फिरवत शेकायचं, नवऱ्याच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "तो गेला, तर मीही जाईन." अंक संपला.

त्या काडीच्या थांबण्यात माझं सगळं नाटक होतं. बाईचा निर्णय तिथे व्हायचा, ज्योत निळ्याची पिवळी होईस्तोवर. प्रेक्षागृहात कुणी खोकायचं नाही. असं थांबणं मला कुठल्याही दिग्दर्शकाने शिकवलं नव्हतं. मामांनी शिकवलं, तेही अभिनय म्हणून नाही, सिगार म्हणून. "पोरी, घाई केलीस तर त्या बिचाऱ्याच्या तोंडात गंधक जाईल. थांब जरा. संसाराला पंचवीस वर्षं थांबलीस ना, मग काडीला थांब."

ते स्वतः कधी ओढत नसत. छाती नाजूक. पण थोरल्या मालकांनी, म्हणजे कंपनी ज्यांची होती त्यांनी, नाटक बसवताना सांगितलं होतं की सिगार खरा हवा, आणि मामांनी ते मनावर घेतलं. तालमी सुरू झाल्या तेव्हा सिगार कोरडे पडायचे. बोटात धरले की पापडासारखे वाजायचे, पेटले की भराभर जळायचे आणि माझं शेवटचं वाक्य पुरं व्हायच्या आत राख नवऱ्याच्या कोटावर. मामांनी ओलावा धरून ठेवणारं सीडरचं लाकूड मिळवलं आणि स्वतः पेटी केली. आत एक उचलता येणारी ताटली, ताटलीखाली रिकामी जागा, कोपऱ्यात भोकं पाडलेल्या डबीत स्पंजचा तुकडा. तो भिजवायचा बॅटरीत घालतात त्या पाण्याने. नळाच्या पाण्याने बुरशी धरते म्हणून. झाकण असं बसवलेलं, की सोडलं तर आदळायचं नाही. आतली हवा त्याला तोलून धरायची आणि ते सावकाश, मोठ्या माणसासारखं खाली बसायचं. "हुश्श म्हणायला हवं," मामा सांगायचे. "खट् म्हणालं तर पेटी फुकट."

त्यांच्या मते माणसाला एवढंच लागतं: पेटी, पाणी, पातं आणि काडी. पाचवी राखदाणी, तीही एवढी पसरट की सिगार तिच्यावर आडवा निजला पाहिजे. "बाकी सगळं," ते म्हणायचे, "दुकानदाराच्या बायकोचे दागिने."

पेटीचा एक नियम होता. सिगार भरून झाकण एकदा लावलं, की ते उघडायचं रंगमंचावर, माझ्या हातानं. मध्ये कुणी डोकवायचं नाही, खुद्द मामांनीही नाही. ओलावा उडतो. विंगेत पेटी मांडीवर घेऊन ते बसायचे, माझ्या प्रवेशाआधी ती टेबलावर नेऊन ठेवायचे आणि परत विंगेत येऊन उभे राहायचे. पोटच्या पोराला शाळेत सोडून फाटकाशी उभं राहावं तसे.

नाटक पुष्कळ चाललं, मग थांबलं. थोरले मालक वारले. कंपनी त्यांच्या भाच्याकडे आली. आम्ही त्याला भाचेबुवा म्हणायचो. मुलगा वाईट नव्हता. बंद पडत चाललेली कंपनी त्याने उभी ठेवली, हे मला कबूल करायलाच हवं, आणि मी ते मनापासून करते. पण त्याला प्रत्येक गोष्ट नवी लागायची, आणि नवी म्हणजे चकचकीत. आमचं जुनं नाटक त्याने पुन्हा काढायचं ठरवलं, नवऱ्याच्या कामाला नायक नवा घेतला, आणि एका बड्या दुकानाशी ठरवून सिगारचा संच मिळवला. बदल्यात पेटीच्या झाकणावर आतून सोनेरी अक्षरांत दुकानाचं नाव. मी झाकण उघडलं की पहिल्या सहा रांगांना वाचता येईल असं.

तोच हा संच, निळ्या मखमलीतला. तो घेऊन मला मामांकडे पाठवलं, कारण स्वतः जायची भाचेबुवांची छाती नव्हती.

"हे बघ," मामांनी एकेक वस्तू चिमटीत धरून उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. "हा कापायला. बरं. मग हा दुसरा कशाला? हाही कापायलाच! आणि हा किल्लीच्या कडीतला? हा भोक पाडायला! एका सिगारला किती जणांनी मारायचं? हे चामड्याचं म्यान. बाई घरात बसलेय ना? का नवऱ्याचा सिगार घेऊन लढाईवर निघालेय? ही राखदाणी. बघ, खाच एवढीशी. बाळाचं बोट निजेल हिच्यात. आणि हा..." त्यांनी लायटर दाबला. फुस्स करून निळी धार बाहेर पडली. "ही काय गॅसची शेगडी आहे? थांबणार कुठे तू? सांग ना! हा दाबला की पेटला. तुझा संसार, तुझं पंचवीस वर्षांचं गिळणं, कुठे बसवणार याच्यात?"

खरं सांगते, मलाही तोच राग होता. माझं थांबणं कुणीतरी एका बटणात बसवून दिलं होतं. वर मला न विचारता!

"आणि पेटीचं झाकण काचेचं," मामा म्हणाले. त्यांनी ते सोडलं. खट्. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग त्यांनी पहिला कटर पुन्हा उचलला, अंगठ्याने पात्याची धार पाहिली, दोनदा चालवून बघितला आणि आवाज खाली आणला. "कटर चांगला आहे. आपल्यापेक्षा चांगला आहे. मी असं म्हणालो हे त्याला सांगायचं नाही."

निरोप मात्र त्यांनी चढ्या आवाजात दिला. "जाऊन सांग त्याला, ही पेटी स्टेजवर जाणार असेल, तर मी विंगेत नाही. दुसरा माणूस बघ म्हणावं."

भाचेबुवा हुशार. भांडण नको म्हणून त्यांनी तोड काढली. रंगीत तालमीला मामांची पेटी वापरून बघू. प्रवेश रंगला तर तीच ठेवू, मामाही तेच आणि दुकानालाही मी सांभाळून घेतो. नाही रंगला, तर संच. मामा तयार झाले. का होणार नाहीत? शर्तीचा दुसरा अर्धा त्यांना ऐकायलाच यायचा नाही. त्यांच्या दृष्टीने पेटी जिंकलीच होती.

आता मामींना रंगमंचावर आणते. मामी म्हणजे झाकणमामांच्या पत्नी, आमच्या कपडेपटाच्या प्रमुख. सगळ्या नाटकांचे कोट, झगे, शेले यांच्या ताब्यात. बाई कडक आणि मायाळू. कपड्यांचं प्रत्येक गाठोडं त्या लाल दोऱ्याने बांधायच्या आणि त्यावर एक विशिष्ट गाठ मारायच्या, ती आम्हाला कुणालाच सुटायची नाही. आणि त्यांचा एका औषधावर अढळ विश्वास होता: डांबराच्या गोळ्या. कपड्यांत गोळ्या, ट्रंकेत गोळ्या, टोप्यांच्या खोक्यात गोळ्या. आमच्या कंपनीचा राजा दरबारात शिरला की आधी त्या गोळ्यांचा वास यायचा, मग राजा.

नाटक बंद होतं त्या काळात सिगारपेटी मामांच्या घरी होती. ती उघडली तर जुन्या सिगारांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं. तंबाखूतली कीड. मामांनी घर डोक्यावर घेतलं. "कीड लागली! माझ्या पेटीला कीड लागली!" सगळे सिगार फेकले, पेटी पुसली, वाळवली, पुन्हा स्पंज भिजवून घातला, नवे सिगार आणून भरले आणि झाकण लावलं. नियमाप्रमाणे ते आता रंगमंचावरच उघडायचं.

रंगीत तालीम सकाळची. मी दुसऱ्या अंकाला मामींनीच चढवलेला लोकरी कोट घालून बसलेली. मुलाने आपलं वाक्य टाकलं. नायकाने हात पुढे केला. समोर खुर्च्यांत भाचेबुवा, मांडीवर तो निळा संच. मी पेटी उघडली. झाकण कसं सुंदर वर आलं! आणि नाकात वास शिरला, डांबराच्या गोळ्यांचा. मला वाटलं, माझ्या कोटाचाच. त्या वासाचं आम्हाला नवल ते काय? मी सिगार निवडला, कापला, काडी ओढली, थांबले. कशी थांबले! इतक्या वर्षांनी ते थांबणं परत सापडलं होतं. ज्योत पिवळी झाली. सिगार शेकला, नायकाच्या हातात दिला आणि तोंड उघडणार, तोच त्याने पहिला झुरका घेतला.

त्याचे डोळे पांढरे झाले. तो खोकला, वाकला, थुंकला, पुन्हा खोकला. "काय पेटवलंय हे?" तो ओरडला. "कपाट जाळताय का माझ्या तोंडात?"

खुर्च्यांतून भाचेबुवा हसले. मोठ्यांदा हसले. ते हसू मी अजून विसरलेले नाही. समोरचा म्हातारा विंगेतून धावत येतोय, त्याचा जन्म त्या पेटीत गेलाय, आणि तुम्ही हसता? आधी विचारा तरी, काय झालं म्हणून! अहो, दिवा विझला तर दिवेवाल्याला विचारतात. पडदा अडकला तर पडदेवाल्याला. प्रॉपर्टीवाल्याला मात्र कुणी काही विचारत नाही. तो असतो तेव्हा दिसत नाही, आणि चुकला की सगळ्यांना दिसतो.

मामा टेबलाशी आले. मान घालून वास घेतला. मग ताटली उचलली. मी शेजारीच उभी होते, म्हणून मला दिसलं. ताटलीखालच्या जागेत मलमलीची दोन इवलीशी गाठोडी होती. लाल दोऱ्याने बांधलेली. त्यावर ती गाठ.

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रंगमंचावर आयुष्य काढल्यावर माणसाला नजर वाचता येते. ती नजर सांगत होती, आता एक अक्षर नाही. गाठोडी त्यांच्या मुठीत गेली, मूठ खिशात गेली.

"काय हो मामा?" भाचेबुवा खालून म्हणाले.

"माझ्याच हातून राहिलं. पेटी नीट धुतली नाही मी. पुसायच्या फडक्याला वास असेल."

"तुमच्या हातून?" मी न राहवून म्हटलं. "मामा, हे..."

"माझ्याच म्हटलं ना!" ते माझ्यावर खेकसले. "तू तुझं वाक्य पाठ कर."

तेवढ्यात पलीकडच्या विंगेतून हातात इस्त्रीचा शर्ट घेऊन मामी आल्या. "अहो, काय झालं? हा का खोकतोय?"

"काही नाही. सिगार जुना निघाला."

"जुना कसा? परवा तर आणलात!"

"दुकानदाराने जुना दिला, झालं. तू जा."

मामींना वाटलं, आपल्या नवऱ्याला फसवलं कुणीतरी. त्या तिथेच उभ्या राहिल्या. आणि भाचेबुवा, शर्तीचा माणूस, उठून म्हणाले, "मामा, ठरल्याप्रमाणे संचच घेऊ आपण. आणि तुम्हीही आता जरा विश्रांती घ्या. खूप केलंत." आवाज गोड होता. गोड आवाजात काढून टाकलं, की काढलं जात नाही असं यांना वाटतं!

मामांनी झाकण लावलं. ते हुश्श करून बसलं. पेटी काखेत घेऊन ते निघाले. मामींनी शर्ट खुर्चीवर ठेवला, किल्ल्यांचा जुडगा कमरेतून काढला आणि भाचेबुवांच्या समोर टेबलावर टाकला.

"ते गेले, तर मीही जाईन," त्या म्हणाल्या.

माझंच वाक्य! विंगेत इस्त्री करताना किती प्रयोग ऐकलं असेल त्यांनी. पण मी ते तसं कधीच म्हणू शकले नाही. मामा वळले, घाबरून म्हणाले, "अगं, तू कशाला? तुझा काय संबंध?"

"संबंध?" मामींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "चूक दुकानदाराची, शिक्षा तुम्हाला, आणि मी इथे यांचे कोट झटकत बसू? चला."

त्या पुढे, हे मागे. मामांचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्यावर जे होतं, ते करायला सांगितलं तर मला आजही जमणार नाही.

मी भाचेबुवांशी भांडले. दोनदा भांडले. खरं कारण सांगता येत नव्हतं, त्यामुळे माझ्या भांडणाला दात नव्हते. "बाई, तुमच्यासमोर तर झालं सगळं," ते म्हणायचे. नाटक संचावर चाललं, आणि बरं चाललं. कटर खरंच छान कापायचा. मी फुस्स करून लायटर पेटवायची, वाक्य म्हणायची, टाळ्या यायच्या. प्रेक्षकांना न दिसलेल्या गोष्टीची चुटपुट कशी लागणार? ती मला लागायची. रोज, त्या एका जागी.

मामांकडे मी जात राहिले. दरवेळी मामी तीच कथा सांगायच्या, आणि दरवेळी ती नव्याने पेटायची. "मी म्हटलं त्याला तोंडावर! किल्ल्या फेकल्या! एवढ्या मोठ्या कंपनीला एका सिगारवरून माणूस ओळखता येऊ नये? लाज नाही वाटत?" त्यांच्या आयुष्यातला तो मोठा प्रसंग होता. शेजारणींना सांगायच्या, भाजीवालीला सांगायच्या, सुनेला तर पाठच झाला होता. मामा ऐकत बसायचे. मधूनमधून "हो ना" म्हणायचे. त्या रागात किती अभिमान होता! आणि तो अभिमान अंगभर घालून ती बाई कशी ताठ चालायची! त्याला धक्का लागू नये म्हणून हा माणूस रोज "हो ना" म्हणत होता, ज्याला उघड्या डबीवरूनही राग यायचा.

शेवटची गेले तेव्हा मामा अंथरुणाला खिळले होते. दुपारची वेळ. खोली लहान, स्वच्छ. उशाला औषधं, प्रत्येक बाटलीला झाकण. मामींनी कथा सांगितली, किल्ल्या फेकल्या, भाचेबुवांना लाजवलं. मग त्यांना आठवलं.

"पेटी पाहिलीस का? थांब, दाखवते. अजून जशीच्या तशी ठेवलेय मी. कीड म्हणून लागू दिली नाही तिला." त्यांनी कपाटातून पेटी काढली, पदराने पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तू उघड. तूच उघडायचीस ना."

स्वयंपाकघरात चहाचं आधण उतू जायला लागलं, तशा त्या आत धावल्या.

मी पेटी उघडली. तोच वास, दसपट. ताटली उचलली. खाली मलमलीची चार गाठोडी, कोपऱ्याला एकेक, लाल दोऱ्याने बांधलेली.

मी मामांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता हा माणूस इतक्या वर्षांचं एकदम बोलणार. उशीवरून त्यांनी जराशी मान उचलली, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"झाकण लाव. आणि तिनं विचारलं, तर वास छान येतोय म्हण."